राठ, कुरळे केस आणि मालवणचं लग्न: अंबाडा टिकवायचा कसा?

"ताई, माझे केस दाट, राठ आणि कुरळे आहेत. लांबी खांद्याखाली जेमतेम चार बोटं. त्यात मागच्या वर्षी ते पायऱ्यापायऱ्यांनी कापून घेतले, त्यामुळे पुढच्या बटा हनुवटीपर्यंतच येतात. अंबाडा घातला की अर्ध्या तासात आकडे वर येतात आणि कपाळाभोवती सगळं जंजाळ उभं राहतं. स्प्रे मारला तर दोन दोन दिवस डोकं खाजतं. मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे, मालवणला, आणि मी करवली. नऊवारी, नथ, ठुशी सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते केसांपाशी. आई म्हणते, चप्प तेल लाव आणि घट्ट बांध. मावशी म्हणते, साखरेचं पाणी लाव. पार्लरमधल्या बाई म्हणाल्या, आधी स्मूदनिंग करून घे, मग बघू. मला घरच्या घरी जमेल असा उपाय हवाय. आणि धाकट्या बहिणीचे केस अगदी उलट, सरळ आणि सुळसुळीत. तिचाही अंबाडा टिकत नाही. तिच्यासाठीही काही सांगा."
– हट्टी केसांची करवली, यवतमाळ

प्रिय करवली,

उपाय आहे, आणि त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू तुमच्याकडे चटणीच्या डब्याशेजारी असणार: जवस. त्याचं जेल कसं करायचं ते सविस्तर सांगते. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घे. आई, मावशी, पार्लरच्या बाई, तिघींनी तुला केसांवर वरून काय लावायचं ते सांगितलं. अंबाडा आतून कशाच्या आधाराने उभा राहणार, हे कुणीच सांगितलं नाही. अंबाडा टिकतो तो बांधणीवर. जेलचं काम कपाळाजवळच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यापुरतं आणि शेंड्यांपुरतं. हे उलट केलं, म्हणजे बांधणी ढिली आणि वरून जेलचा थर, तर ना केस बसतात ना आकडे.

आणि तुझे केस मुळीच वाईट नाहीत. राठ, कुरळ्या केसांचे पेड एकमेकांत अडकून राहतात. वेणी घातल्यावर शेवटाला रबर नसलं तरी ती लगेच उलगडत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. अंबाड्याला हीच पकड लागते. म्हणून पार्लरमधल्या बाईंचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला. स्मूदनिंगने केस गुळगुळीत होतील आणि गुळगुळीत केसांतून आकडे सटकतात. म्हणजे पैसे भरून तू तुझ्या बहिणीची अडचण विकत घेणार. शिवाय या प्रकारांतल्या काही द्रावणांतून तापवताना फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, डोळे आणि घसा जळजळतो. ग्लायऑक्झिलिक अॅसिड असलेल्या काही उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. एका दिवसाच्या अंबाड्यासाठी हे करू नकोस.

आईचं तेल चुकीचं नाही, त्याची वेळ चुकते आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन वाहून जाण्याचं प्रमाण कमी करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, त्यात हा गुण फक्त खोबरेलात आढळला. तेव्हा तेल लाव, पण न्हाण्याच्या दोनतीन तास आधी, आणि धुऊन टाक. अंबाडा घालायच्या दिवशी डोक्यावर तेल असेल तर आकडे घसरतील, जेल केसाला धरणार नाही आणि मालवणच्या उकाड्यात ते तेल कपाळावरून ओघळत चंद्रकोरीपर्यंत येईल. मावशीच्या साखरेच्या पाण्याने केस कडक होतात हे खरं, पण कोरड्या हवेत. दमट हवेत साखर पाणी ओढून घेते आणि सगळं चिकचिकतं. वर मोगऱ्याचा गजरा माळलेला असला की मुंग्यांना आमंत्रणच. साखर राहू दे.

दमट हवेवरून तुझ्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येते, जो तू सहज जाता जाता लिहिला आहेस: मालवण, मे महिना. यवतमाळच्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत. तिथे तू सराव करशील, केस छान बसतील, आणि मालवणला उतरल्यावर तासाभरात तेच केस फुलून दुप्पट होतील. याचं कारण केसाच्या घडणीत आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि त्या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही नाजूक दुवे, हायड्रोजन बंध, पाण्याने सुटतात आणि केस वाळला की नव्या ठिकाणी जुळतात. म्हणून ओला केस ज्या आकारात वाळवावा तो आकार धरतो. आणि म्हणूनच समुद्राकाठच्या हवेतली वाफही तो आकार मोडते. हे लक्षात घेऊनच पुढचं सगळं सांगते आहे. सराव करताना न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून दार लावून घे आणि अंबाडा घातल्यावर त्या वाफेत दहा मिनिटं उभी राहा. जे तिथे निसटेल ते मालवणला निसटणार, आणि कुठे एक आकडा जास्त हवा ते तुला घरीच कळेल.

आता जेल. पाव वाटी जवस घे, कच्चे आणि अख्खे. चटणीसाठी भाजून ठेवलेले नकोत आणि पूडही नको. केसाला उपयोगी असलेला बुळबुळीत अंश बीच्या सालीत असतो. बी फुटली की तेल आणि भुगा पाण्यात उतरतो, मग गाळता गाळता नाकी नऊ येतात. जवस दोन वाट्या पाण्यात तासभर भिजव, मग त्याच पाण्यासकट मध्यम आचेवर ठेव आणि ढवळत राहा, नाहीतर बिया तळाला धरतात. सात-आठ मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येईल आणि बिया तळाशी न बसता मधोमध तरंगत फिरू लागतील. चमचा उचलून बघ. थेंब तुटून न पडता त्याची तार लोंबली की गॅस बंद कर. इथे बहुतेक जणी फसतात. भांड्यात अजून पातळ दिसतंय म्हणून आणखी पाच मिनिटं उकळतात, आणि गार झाल्यावर असा घट्ट गोळा होतो की फडक्यातून उतरतच नाही. हे जेल गार होताना दाट होतं, तेव्हा थोडं पातळ असतानाच उतरव.

गाळायचंही गरम असतानाच. जुन्या मलमलीचं किंवा सुती ओढणीचं फडकं भांड्यावर पसर, त्यात ओत, पुरचुंडी बांध आणि चिमट्याने किंवा दोन चमच्यांमध्ये दाबून काढ. हाताने पिळू नकोस, हे जेल पाण्यापेक्षा जास्त भाजतं कारण ते चिकटून राहतं. साधारण वाटीभर जेल निघेल. एका अंबाड्याला दोन-तीन चमचे पुरतात, म्हणजे तुझं, बहिणीचं आणि आणखी एखाद्या मावसबहिणीचंही भागेल. त्यात ग्लिसरीन घालू नकोस. कोरड्या हवेत ते चालतं, कोकणात ते हवेतलं पाणी केसात ओढून आणतं. सुगंधी तेलाचे थेंबही नकोत. तुझं डोकं स्प्रेने खाजतं, मग मुद्दाम आणखी एक नवी वस्तू कशाला? गजऱ्याचा वास आहेच.

फ्रिजमध्ये हे आठवडाभर राहतं, पण त्यात टिकवणारं काहीच नसल्यामुळे उन्हाळ्याच्या प्रवासात ते आंबणार. यवतमाळहून मालवणपर्यंत ते बाटलीत घालून नेऊ नकोस. पुडीत जवस बांधून ने, सोबत फडकं ने, आणि लग्नाच्या आदल्या रात्री मामाच्या घरी गॅसवर करून घे. लग्नघरात एका छोट्या भांड्याला जागा मिळतेच. आंबूस वास आला तर बिनदिक्कत फेकून दे.

आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी एकदा करून कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लाव, एक दिवस तसंच ठेव. खाज किंवा लाली आली नाही तरच डोक्याला लाव. घरचं आहे म्हणजे सोसवेलच असं नाही. कोरफडीचंही तेच. अंगणातल्या कोरफडीचा गर केसांना लावायचा मोह होतो, पण पात तोडल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो त्याने कातडी चांगलीच खाजते. ती वापरायचीच असेल तर पात कापून पंधरा मिनिटं उभी ठेवून चीक निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा. तुझ्यासाठी मात्र मी जवसच निवडेन, त्याची पकड कोरफडीपेक्षा चांगली आहे. लिंबाचा रस उन्हाळ्यात कपाळाशी लावू नये. तो लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की चट्टे उठू शकतात.

न्हाण्याची वेळ नीट ठरव. हळदीच्या दिवशी करवलीला कुणी सोडत नाही, तेल-हळद अंगाबरोबर डोक्यालाही लागते. म्हणून सकाळी न्हालीस तर ते फुकट जाईल. हळद आटोपल्यावर, संध्याकाळी केस धू. कंडिशनर लावत असशील तर फक्त खालच्या अर्ध्या केसांना. मुळाशी लावलास तर दुसऱ्या दिवशी आकडे घसरतील. केस कंडिशनरमध्ये असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढ, शेंड्याकडून सुरुवात करून वर. कोरड्या कुरळ्या केसांत ब्रश फिरवला की तेच ते जंजाळ उभं राहतं, ज्याबद्दल तू लिहिलं आहेस. पाणी निथळलं, केस दमट राहिले की चार सैल वेण्या घाल आणि पंख्याखाली वाळू दे. मघाशी सांगितलं ना, केस वाळताना आकार धरतो. सकाळी वेण्या सोडशील तेव्हा बारीक कुरळे वेटोळे जाऊन मोठ्या लाटा झालेल्या असतील, आणि लांबीही दोन बोटं जास्त भरेल. ओल्या केसांचा अंबाडा मात्र घालू नकोस. ओला केस जास्त ताणला जातो, पटकन तुटतो, आणि आतला गाभा दिवसभर वाळत नाही.

लग्नाच्या सकाळी पहिलं काम: एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे कर आणि क्लिपने बाजूला ठेव. मागच्या केसांची झुटी, म्हणजे पोनी, बांध. ही झुटी म्हणजे पाया. हिच्या मुळाशी जेल नको, तेल नको. जागा ठरवताना ठुशी आठव. ठुशीचा गोंडा मानेवर मागे सरकत राहतो, आणि अंबाडा अगदी मानेवर टेकलेला असेल तर त्याचे केस त्या दोऱ्यात गुंततात. वाकून पाया पडताना तर हमखास. म्हणून मानेची घळ सोडून चार बोटं वर, जिथे डोक्याचा फुगवटा सुरू होतो, तिथे झुटी घे. तिथे अंबाड्याला खालून टेकू मिळतो आणि गजऱ्याचं वजनही पेलतं.

बांधायला साधं रबर नको, काढताना केस घेऊन येतं. आपल्या आज्या आगवळाने केस बांधत. घट्ट वळलेल्या काळ्या सुती दोऱ्याने तेच काम अजूनही उत्तम होतं. हातभर दोरा घे, झुटीभोवती चार-पाच वेढे दे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला लागून, आणि गाठ झुटीच्या खालच्या बाजूला मार. दोरा ताणत नाही, म्हणून तो रबरासारखा सैल होत नाही. पहिल्या वेळी कुणाला तरी झुटी धरायला सांग.

झुटीचे दोन भाग कर. पायऱ्यापायऱ्यांनी कापल्यामुळे तुझ्या केसांची टोकं जागोजागी बाहेर येणार. ती बसवायला बोटांना जेल लावून दोन्ही भागांच्या शेंड्याकडच्या अर्ध्या लांबीवर फिरव आणि लगेच दोन वेण्या घाल. पहिली वेणी झुटीभोवती उजवीकडून गुंडाळ, दुसरी डावीकडून, पहिलीच्या बाहेरून. उलटसुलट गुंडाळल्याने एक वेणी दुसरीला धरते. नुसता पीळ देऊन घातलेला अंबाडा तुझ्या केसांत उलगडतो कारण पिळाला उलट फिरायला वाव असतो, वेणीला तो नसतो.

तुझ्या लांबीत हा अंबाडा लहान होईल, लिंबाएवढा, आणि नऊवारीवर तो शोभणार नाही. तेव्हा काळा सुती मोजा घे, त्याचा पंजाकडचा भाग कापून टाक आणि उरलेली नळी वरून खाली गुंडाळत जा, जाडसर कडं तयार होईल. झुटी त्यातून ओवून घे, मग दोन वेण्या त्याच्याभोवती फिरव. वेण्यांमधून कडं कुठे दिसत असेल तर वरून केसांची काळी जाळी चढव. गंगावन मिळालं तर तेही चालेल, फक्त ते वेण्यांत गुंफायचं, वरून टोचायचं नाही.

आता आकडे. तुझे आकडे अर्ध्या तासात वर येतात, कारण ते बहुधा सरळ आत खुपसले जातात. आकडा अंबाड्याच्या कडेला उभा धर, टोकं डोक्याकडे. अंबाड्याच्या बाहेरच्या कडेतले थोडे केस त्यात पकड आणि टोकं हलकेच टाळूला टेकतील इतका आत ने. मग आकड्याची मान बाहेरच्या दिशेने आडवी पाड आणि टोकं अंबाड्याच्या मध्याकडे वळवून टाळूलगत आत सरकव. बरोबर गेला तर कुरकुर करत, थोडा अडत जातो. लोण्यातून सुरी जावी तसा सहज गेला तर त्याने काहीच पकडलेलं नाही, काढ आणि पुन्हा घाल. आधी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार, मग मधे मधे चार. चपट्या काळ्या पिना वापरशील तिथे नागमोडी बाजू टाळूकडे ठेव. बऱ्याच जणी उलट लावतात, कारण नागमोडी बाजू वरून छान दिसते. जास्त आकडे खोवल्याने पकड वाढत नाही. किती घातलेस ते मोजून ठेव, रात्री कामाला येईल.

मालवणच्या हवेसाठी आणखी एक बंदोबस्त सांगते. लोकर विणायची बोथट सुई आणि काळा दोरा घेऊन अंबाड्याच्या कडेने चार मोठे टाके घाल: एकदा वेणीतून, एकदा झुटीच्या मुळातून. हे टाके दिसत नाहीत, टोचत नाहीत आणि आकड्यांवरचा भार निम्मा होतो. वाफेच्या सरावात अंबाडा हलला तरच याची गरज आहे.

पुढचे केस शेवटी. इथे जेल खऱ्या अर्थाने लागतं. कानापासून कानापर्यंतचे केस हाताने मागे घे, हनुवटीपर्यंतच्या बटा एकमेकींवर टाकत अंबाड्याखाली पोचव आणि चपट्या पिनांनी धर. आता चमचाभर जेल तळव्यांवर चोळून पातळ कर आणि कपाळाच्या कडेने दोन बोटं रुंदीत लाव. मऊ दातांचा नवा टूथब्रश घेऊन बारीक केस मागे बसव. मग जे करायला कुणाला धीर नसतो ते कर: मलमलीचा चार बोटं रुंद पट्टा कपाळाच्या कडेवरून मागे बांध, आवळून नाही, टेकेल इतकाच, आणि वीस मिनिटं राहू दे. जेल दाबाखाली वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा केसांना डोक्याशी धरून ठेवतो. उघडं वाळलं तर केस उभे राहिलेलेच वाळतात. नऊवारी नेसायला तेवढा वेळ लागतोच. पट्टा सोड, हात फिरवून बघ, कुठे उठलं असेल तिथे नखभर जेलचा दुसरा थर. एकदम जाड थर देऊ नकोस, वाळल्यावर पांढरे कण सुटतात आणि पैठणीच्या खांद्यावर कोंडा पडल्यासारखे दिसतात. आणि घरचं जेल बाजारच्या जेलवर किंवा क्रीमवर लावू नकोस, तेव्हाही असेच कण सुटतात.

इतकं करूनही दुपारपर्यंत कानाजवळच्या एक-दोन बटा सुटतील. सुटू दे. मला तर वाटतं, तू सकाळीच कानासमोर एकेक कुरळी बट मुद्दाम बाहेर ठेवावीस. नथ आणि कुडीसोबत कुरळी बट फार सुंदर दिसते, आणि जी बट आधीच बाहेर आहे तिला दाबून ठेवायला कपाळ ओढून बांधावं लागत नाही.

कपाळ ओढण्याबद्दल आईला माझ्या वतीने सांग. घट्ट बांधण्याने अंबाडा टिकत नाही, केसांची मुळं मात्र दुखावतात. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या स्त्रियांमध्ये डोक्यावर घट्ट बांधलेल्या केसांमुळे कडेचे केस गेल्याची नोंद झाली होती. डॉक्टर आजही हा प्रकार पाहतात. रोज घट्ट पोनी, घट्ट अंबाडा घालणाऱ्यांत कानशिलाजवळची रेषा मागे सरकते. वेळीच सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर ती मुळं कायमची जातात. एका दिवसाने तसं होणार नाही, पण त्या दिवशीही खूण हीच धर: भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, किंवा मान हलवताना कुठे चुणचुणलं, तर ती झुटी सोडून पुन्हा बांध. लग्नात सकाळपासून रात्रीपर्यंत वावरायचं आहे, डोकं दुखलं तर कुठल्याच विधीत मन लागणार नाही.

गजरा माळताना अंबाड्याच्या खालच्या बाजूने सुरुवात कर. दोन्ही टोकं आधी आकड्याने पक्की कर, मग मधला भाग. मोगऱ्याचा गजरा ओल्या फडक्यात ठेवलेला असतो, तो पाच मिनिटं ताटात निथळू दे. त्याचं पाणी जेलवर उतरलं तर बसवलेले केस परत उठतील.

बहिणीचं थोडक्यात. तिच्या केसांना पकड नाही, म्हणून तिने लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी केस धुवावेत, रात्री नाही, आणि हळदीला डोकं तेलापासून वाचवावं. रुमाल बांधला तरी चालेल. कंडिशनर नकोच. झुटी बांधण्याआधी पूर्ण केसांवर जवसाचं पातळ जेल फिरवून वाळू द्यावं, त्याने केस किंचित खरखरीत होतात. मग बारीक बारीक चार वेण्या घालून त्यांचा अंबाडा. तिच्यासाठी टाक्यांचा दोरा ऐच्छिक नाही, तो घालाच. आकड्यांना जेलचा हात लावून ते अर्धवट वाळले की खोवावेत, घसरण बरीच कमी होते.

एक पिशवी वेगळी भर: दहा जादा आकडे, काळा दोरा आणि सुई, छोटा कंगवा, झाकणाच्या डबीत दोन चमचे जेल. ती पिशवी मंगलाक्षता पडेपर्यंत स्टेजवरच्या माणसाकडे नको, पंगतीत बसलेल्या मावशीकडे दे. तिला गाठणं सोपं असतं.

रात्री कितीही दमलीस तरी अंबाड्यासकट झोपू नकोस. आधी गजरा, मग मोजून आकडे, मग टाक्यांचा दोरा कापून. आगवळाची गाठ कात्रीने कापताना बोट मधे धर. वेण्या कोरड्या ओढून सोडवू नकोस. कपाळाच्या कडेला आणि शेंड्यांना कोमट पाण्याचा हात लाव, जवसाचं जेल पाण्याने लगेच सुटतं, त्यासाठी शाम्पूही लागत नाही. सकाळी साधं न्हा, आणि दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला आईने अंबाडा घाल म्हटलं तरी सैल वेणीच घाल.

– तुझी ताई